किरणला ताप आहे

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाचा चांगला तीन तासांचा पिक्चर आहे आणि त्यात मी एकदाही दिसत नाही.

आचारी दिसतो. मांडववाला दिसतो. पंगतीत फिरणारं एक कुत्रं दोनदा दिसतं, त्यातल्या एकदा तर अगदी जवळून, डोळ्यांतली चिपडं मोजता येतील इतकं. मी मात्र नाही, कारण ते कुत्रं मीच शूट करत होतो.

आळेफाट्यावर आमचा स्टुडिओ होता. आमचा म्हणजे माझा आणि धाकट्या भावाचा, किरणचा. (पाटीवर माझं नाव मोठं आणि त्याचं बारीक होतं, हे मीच सांगून टाकतो. तो जिथं असेल तिथं हे सांगतच असणार.) मी शूटिंग आणि एडिटिंग करायचो आणि तो ग्राफिक्स. त्या काळी ग्राफिक्सशिवाय लग्नाला लग्न म्हणायला कुणी तयार नसायचं. नवरानवरीची नावं सोनेरी अक्षरांत गरगर फिरत यायला हवीत, बदामात दोघांचे चेहरे हवेत आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला हव्यात. डीव्हीडी आली होती, तरी लोक तिला कॅसेटच म्हणायचे आणि घेताना पहिला प्रश्न विचारायचे, "पाकळ्या टाकल्यात ना भाऊ?"

एकच खोली होती आणि मधे प्लायवूडचं पार्टिशन. रस्त्याच्या बाजूला माझं मशीन, मागं किरणचं. मी इकडून ओरडायचो, "किरण्या, झालं का नाव?" तिकडून उत्तर यायचं, "व्हतंय." मग तो पेन ड्राइव्ह पार्टिशनवरून फेकायचा आणि मी झेलायचो. कधी झेलायचो नाही. मग दोघं मिळून टेबलाखाली शोधायचो आणि तेवढ्यात इकडच्यातिकडच्या गप्पा व्हायच्या. चाललं होतं बरं.

मग किरण पुण्याला जाऊन एक कोर्स करून आला. आल्या आल्या मला म्हणाला, "दादा, आता फाइली फेकायच्या न्हाईत. प्रोजेक्ट शेअर करायचं. मी माझ्याकडं नाव बदललं की तुझ्या पिक्चरमधी आपोआप बदलतंय. तू काय कापलं, काय जोडलं, ते मला हितं दिसतंय."

"मंजी मी तुला काय सांगायचंच न्हाई?"

"सांगायची गरजच न्हाई."

त्यानं पार्टिशनला भोक पाडलं आणि वायर ओढली. एवढी सोय झाली की आमच्या दोघांचं बोलणं आठवड्याभरात निम्म्यावर आलं. मला वाटलं, काय प्रगती आहे.

त्याच सुमारास आमच्या बहिणीचं, शोभाचं, लग्न ठरलं. स्थळ महाळुंगे पडवळचं, माणसं चांगली, बागायती घर. वडील नव्हते, त्यामुळं बैठकीपासून बस्त्यापर्यंत सगळं मीच बघितलं. आई म्हणाली, "आरं, घरचं लगीन हाय. शूटिंगला दुसरं कुनीतरी सांग की."

"दुसरं?" मी म्हणालो. "मी आळेफाट्याचा शूटिंगवाला, आन माझ्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्याचा कॅमेरा? लोक तोंडात शेण घालतील."

"मी धरतो की," किरण म्हणाला.

"तू? तुझ्या हातात कॅमेरा दिला तर नवरानवरी ऱ्हायलं बाजूला आन निस्ता मांडवाचा पंखा शूट व्हईल."

घरातले सगळे हसले. किरणही हसला, पण जरा कमीच.

लग्न लागलं. मी खांद्यावर कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या पायांवर पाय देत फिरत होतो. मग होमाच्या वेळी कानपिळी आली. आमच्याकडं नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, म्हणून दम भरायचा. नवऱ्याकडचे मग त्या भावाला पोशाख देतात, टोपी घालतात. लग्नात बाकी सगळीकडं भावानं वाढपी व्हायचं असतं, एवढ्या एका वेळी तो मानकरी असतो.

गुरुजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कोण? या पुढं."

मी कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला. बघतो तर किरण शेजारीच उभा, हात पुढं करून. कॅमेरा द्यायचा होता फक्त. दोन मिनिटांचं काम. पंखा तर पंखा, शूट झाला असता. पण माझा हात काही सुटेना त्या कॅमेऱ्यावरचा.

"जा," मी म्हणालो. "तूच पीळ."

तो गेला. दाजींचा कान असा पिळला की दाजी अर्धे उठले. मांडव हसला, शोभा पदराआड हसली, किरणला पोशाख मिळाला, टोपी मिळाली. मी सगळं शूट केलं. माझ्या आजवरच्या कामातला सगळ्यात स्थिर शॉट तो असेल. हात जराही हलला नाही, कारण मी श्वासच घेत नव्हतो.

एडिटिंगला बसलो आणि कानपिळी कापली. अख्खी नाही कापली, मी काही एवढा वाईट माणूस नाही. किरणचा हात दाजींच्या कानाकडं निघतो एवढं ठेवलं, आणि पुढच्या क्षणी लोक जिलेबी खातात. प्रोजेक्ट शेअर होतं, त्यामुळं कात्री चालवल्याबरोबर पार्टिशनच्या पलीकडं ते दिसलं.

"दादा, कानपिळी कुठं गेली?"

"लांबत व्हती."

"आन पंगत लांबत न्हाई? तिच्यात कुत्रं दोन डाव आलंय."

"कुत्रं मुद्दाम आलेलं न्हाई. आपलं आपण आलंय."

"मग मी काय मुद्दाम गेलो व्हतो? तूच म्हनला ना, जा, तूच पीळ."

"मी म्हनलो म्हनून लगीच जायचं?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही तोंडानं एकमेकांशी बोललेलं ते शेवटचं वाक्य, आणि तेसुद्धा माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी शोभाचा फोन आला. सासरी तिच्या मोठ्या जावेची कॅसेट कपाटात लावलेली होती. जावेचा भाऊ टेम्पो चालवायचा, तरी त्यानं कुठून कुठून करून घेऊन महिन्याच्या आत आणून दिली होती. आणि शोभाचे दोन्ही भाऊ स्टुडिओवाले असून तिची कॅसेट अजून यायचीच होती. जाऊ रोज भाकरी थापताना विचारायची, "तुमची कॅसेट कुठवर आली वं?" 

"दादा, हितल्या यात्रेला कॅसेट लाव म्हणत्यात सगळे," शोभा म्हणाली. "सगळं पै-पावणं येणार हायेत. आन हे बघ, तुमी दोघंबी या. मी हितं सांगून बसलेय, माझे भाऊ एकाला सोडून दुसरा कुठं जात न्हाईत. माझं नाक खाली करू नका. दे जरा किरणला."

"तो बाहेर गेलाय," मी म्हणालो.

तो पलीकडंच होता. त्याच्या चहा ढवळण्याचा आवाज फोनमध्येसुद्धा गेला असेल.

आता काम तर पुरं करायला हवं होतं आणि बोलायचं तर नव्हतं. मी पिक्चर लावला. सुरुवातीला जिथं 'चि. सौ. कां. शोभा' यायचं, तिथं सोनेरी अक्षरं एकेक करून फिरत आली, त्यांच्यावर चमक गेली, पाकळ्या पडल्या आणि वाक्य पुरं झालं, "कानपिळी पूर्ण टाक."

मी बघतच राहिलो. माणूस शेजारी बसून मला पाकळ्यांतून दम देत होता. मला त्याचं सॉफ्टवेअर येत नव्हतं, म्हणून मी माझ्याकडच्या साध्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, "नाही." ते त्याला तिकडं दिसलं. थोड्या वेळानं नवऱ्याच्या नावाच्या जागी बदाम आला, बदाम फुटला आणि आतून निघालं, "मग तुझं नाव काढतो." मी लिहिलं, "काढ." त्यानं काढलं. शेवटी 'शूटिंग व संकलन' एवढंच राहिलं आणि खाली नुसत्या पाकळ्या.

चांगले काही दिवस असं चाललं. अन्याय असा की त्याचं प्रत्येक वाक्य सोन्यात यायचं आणि माझं सगळं पांढरं, रेशन दुकानाच्या फळ्यासारखं. तो मला 'हेकट' म्हणाला तर त्याच्या मागं कारंजी उडायची. मी त्याला 'गाढव' म्हणालो तर ते नुसतं एका कोपऱ्यात उभं राहायचं, आणि दिसायचं असं की मी माझीच ओळख करून देतोय.

एकदा आई डबा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली. "का रं, शोभाच्या लग्नात 'तुला माणसाची किंमत नाही' असं का लिवलंय?"

"टेस्टिंग हाय आई."

"बरं," आई म्हणाली, आणि एक डबा इकडं, एक तिकडं ठेवून निघून गेली. तिला सगळं कळत होतं. ती असल्या वेळी डबे वेगवेगळे आणायची.

मग एक दिवस मला काय झालं कोण जाणे, मी लिहिलं, "मी कुठं आहे या पिक्चरमध्ये?"

 उत्तर आलं, पाकळ्या नाहीत, चमक नाही, नुसती अक्षरं. "कॅमेरा दिला असतास तर असतास."

मी उठून बाहेर जाऊन उसाचा रस पिऊन आलो. आल्यावर कानपिळी सगळीच्या सगळी जागेवर टाकली. दाजींचं अर्धं उठणं, टोपी, पोशाख, सगळं. त्यानं ते बघितलं असणार, कारण थोड्या वेळानं शेवटी माझं नाव परत आलं आणि शोभाचं नाव शोभाच्या जागी गेलं. मी माझी पांढरी अक्षरं पुसून टाकली. झालं, मिटलं, असं मी धरून चाललो. आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात, कुणी कुणाला काही न म्हणता. म्हणजे मिटत नाहीत, हे मला आत्ता कळतंय.

यात्रेच्या आदल्या दिवशी मला आणे गावाला साखरपुड्याची ऑर्डर होती. सकाळी मी मशीनला पिक्चर काढायला लावला, म्हणजे सगळे तुकडे आणि नावं जोडून डिस्कवर टाकण्याजोगी एक सलग फाइल करायला. त्या मशीनला एक पिक्चर काढायला अख्खा दिवस लागायचा. लावण्याआधी मी किरणसाठी, पिक्चर संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेत, एक वाक्य लिहिलं. फार विचार करून लिहिलं. "उद्या महाळुंग्याला निघू. गाडीवर मागं बस आणि कॅमेरा तू धर."

माझ्या मते ही माफी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा कॅमेरा त्याच्या हातात द्यायला निघालो होतो. मला लिहितानाच भरून आलं. किरणनं ते वाचलं आणि त्याला दिसलं एवढंच, की दादा गाडी चालवणार आणि मी मागं बसून त्याचं सामान सांभाळणार. आता त्याला मी दोष देत नाही. तेव्हा दिला, भरपूर दिला.

पिक्चर काढायला लावलाय, आज कशाला हात लावू नको, एवढं त्याला सांगायचं राहिलं. त्यासाठी मला तोंड उघडावं लागलं असतं.

आण्याहून आलो तेव्हा पिक्चर निघाला होता. घाईघाईनं डिस्क बनवली. सहज मशीनवर नजर गेली, तर कानपिळीच्या आधी, जिथं सोनेरी 'कानपिळी' असं होतं, तिथं आता दुसरंच काही फिरत होतं. "यात्रेला तू एकटा जा. पाहुण्यांना सांग, मला ताप आलाय."

डोकं फिरलं माझं. इतकं फिरलं की मशीन बंद केलं, डिस्क खिशात टाकली आणि शटर ओढलं. मी आण्याला असताना मशीन दिवसभर पिक्चर काढत होतं आणि त्याच दिवसभरात त्यानं हे लिहिलं होतं, हा साधा हिशोब एडिटिंगमध्ये पंधरा वर्षं घालवलेल्या माझ्या डोक्यात आला नाही. डिस्क लावून बघावी, हेही नाही. रागात माणूस फक्त कुलूप नीट लावतो.

आई गुडघ्यांमुळं येणार नव्हती. मी एकटा महाळुंग्याला पोचलो. शोभाचे सासरे तात्या दारातच उभे होते.

"या पावणं. धाकटं कुठंय?"

"त्याला ताप आलाय तात्या. लई ताप."

शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "दाखवलं का डॉक्टरला? थंडी वाजून येतोय का?" ती खरंच घाबरली. आत जाऊन लगेच पुरणपोळ्यांचा डबा भरायला बसली, किरणला आवडतात म्हणून. मी पुरणपोळी खात होतो आणि ती माझ्या घशाखाली उतरत नव्हती, पण मी तीन खाल्ल्या.

जेवणं झाली, पडवीत टीव्ही मांडला. पाहुणे, भावकी, शेजारपाजार, सगळे दाटीवाटीनं बसले. पिक्चर लागला. शोभाचं नाव सोन्यात आलं, पाकळ्या पडल्या. जाऊ म्हणाली, "अक्षरं लई भारी हायेत बाई." शोभानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, माझ्या सगळ्या कामाचं सोनं झालं. कुत्रं आलं, लोक हसले. कुत्रं परत आलं, जास्त हसले.

तात्यांना एक सवय होती. दिसेल ते ते मोठ्यानं वाचायचे. एसटीवरची पाटी असो नाहीतर खताची गोणी. किरणची अक्षरं एकेक करून यायची, त्यामुळं तात्यांना वाचायला सोपं जात होतं.

"या-त्रे-ला," तात्या वाचू लागले, "तू... ए-क-टा... जा."

मी रिमोट शोधू लागलो.

"पा-हु-ण्यां-ना... सां-ग... म-ला... ता-प... आ-ला-य."

अक्षरांवरून चमक गेली. पाकळ्या पडल्या. किरणचं काम नेहमीसारखं सुबक होतं, घाई कुठंच नव्हती.  मग पुढची कानपिळी लागली, मीच पूर्ण टाकलेली, आणि किरण सगळ्यांसमोर ठणठणीत तब्येतीनं दाजींचा कान पिळू लागला. दाजींचा हात आपोआप कानाला गेला.

"बंद करतो," मी उठलो.

"आसू द्या," तात्या म्हणाले. "आता पुरा बघू."

पुरा बघितला. शेवटी माझं नाव आलं, तात्यांनी तेही वाचलं. "शूटिंग, संकलन व मालकी, दादा. बाकी हमाल." हे मी पाहिलेलं नव्हतं. जावेनं तोंडाला पदर लावला. तात्या चष्मा पुसत म्हणाले, "ताप बराच दिसतोय."

 निघताना शोभा गाडीजवळ आली आणि डबा माझ्या हातात दिला. "त्याला दे. ताप नसला तरी खाईल." मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी सगळ्यांना सांगितलं व्हतं दादा, दोघं येतील म्हणून. एवढंच मागितलं व्हतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी मी म्हणालो काय, तर "बघितलंस ना तो कसा वागला?" माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण अक्कलही नाही.

डबा मी पार्टिशनच्या पलीकडं ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर डबा धुऊन पुसून माझ्या टेबलावर होता आणि पलीकडचं टेबल रिकामं. किरण त्याचं मशीन घेऊन पुण्याला गेला होता. भोकातून वायरचं टोक लोंबत होतं. ते मी अजून काढलेलं नाही.

नंतर मी तो पिक्चर नीट करून द्यायला बसलो. प्रोजेक्ट उघडलं तर जिथं जिथं नावं होती, तिथं नुसत्या रंगीत पट्ट्या. मशीन विचारतं, ही फाइल कुठं आहे, दाखवा. मला माहीत आहे कुठं आहे. पुण्यात आहे, त्याच्याकडं आहे. मग शोभाला म्हणालो, पांढऱ्या अक्षरांत का होईना, नवी डिस्क देतो, ती जुनी फेकून दे.

"न्हाई फेकणार," शोभा म्हणाली. "तुमी दोघं एकमेकांशी बोललेलं माझ्याकडं तेवढंच हाय."

आई गेली तेव्हा किरण आला होता. आम्ही दोघांनी खांदा दिला, एकमेकांना न बघता. तेराव्याला तो परत गेला.

दर वर्षी मी यात्रेला महाळुंग्याला जातो, एकटाच. तात्या आता थकलेत, पण दारात उभे असतात. दर वर्षी विचारतात, "धाकटं पावणं?" आणि मी दर वर्षी सांगतो, "ताप हाय." ते मान हलवतात. शोभाची मुलगी मोठी झाली आहे. गेल्या खेपेला तिनं विचारलं, "मामा, किरणमामाला बरं कधी वाटणार?" 

"बघू," मी म्हणालो, "औषध चालू हाय."

औषध म्हणजे त्याचा नंबर. खिशातच असतो. पण तो लावायला फोन हातात घेतला, की मलाच कणकण येते.